गाव आणि शहर एका व्हिडिओत बसवायचंय? मग आधी पाण्याचा जार धरा

व्हिडिओ आर्टचा माझा पहिला प्रयोग कसा फसला ते आधी सांगतो, तुमचे चार-सहा महिने वाचतील. डाव्या स्क्रीनवर आमचं गेवराईकडचं शेत, बैलजोडी, मागं सूर्य उगवायलाय, आणि उजव्या स्क्रीनवर संभाजीनगरचा जालना रोड, उड्डाणपूल, रिक्षा, हॉर्न. डावीकडं बासरी, उजवीकडं धाडधाड म्युझिक. मला वाटलं लई भारी जमलंय. गावी गेल्यावर मामाला मोबाईलवर दाखवलं, मामा पूर्ण बघून म्हणला, "चांगलंय की, पतसंस्थेच्या कॅलेंडरवानी." आणि वर विचारलं की ही बैलजोडी कुणाची. कारण आमच्या घरचे बैल विकून बरीच वर्षं झाली, पेरणी-मोगडणी सगळं ट्रॅक्टरवर, शूटिंगसाठी मी जोडी शेजारच्या गावातून मागून आणली होती. म्हणजे आमच्याकडं आता नसलेलं गाव मी भाड्यानं आणून दाखवलं होतं.

तर हे सगळं त्याच्यानंतर धक्के खात खात शिकलेलं आहे. मोबाईल, एक ट्रायपॉड आणि जुना लॅपटॉप एवढ्यात होतं.

व्हिडिओ आर्ट म्हणजे शॉर्टफिल्म नाही आणि रील पण नाही. गोष्ट सांगायलाच पाहिजे असं नसतं. स्क्रीन किती, कुठं ठेवल्या, बघणारा उभा आहे का बसलाय, आवाज कुठून येतो, हे सगळं त्या कामाचाच भाग असतं. १९६३ ला नाम जून पाइक ह्या कोरियन कलाकारानं जर्मनीत वुपरटालला टीव्ही संच घेऊन प्रदर्शन मांडलं तिथून बऱ्याच जणांचा ह्या कलेचा हिशोब सुरू होतो. आपल्याकडं चित्रकार नलिनी मलानींनी १९६९ आणि १९७६ असे दोन वेगवेगळ्या काळातले तुकडे शेजारी शेजारी लावून 'युटोपिया' केलं, एकीकडं नव्या घरांचं रंगीत स्वप्न, दुसरीकडं ब्लॅक अँड व्हाइटमधी मुंबईकडं बघत उभी असलेली पोरगी. मला त्यातनं कळलं ते एवढंच की दोन स्क्रीन म्हणजे दोन ठिकाणंच पाहिजेत असं नाही, एकाच गोष्टीची दोन वयं पण चालतात. इतिहास बास, कामाला लागू.

पहिलं काम, ठिकाण शोधूच नका. वस्तू शोधा. अशी वस्तू जी गावात पण आहे, शहरात पण आहे, आणि दोन्हीकडं वेगळी वागती. ठिकाणापासून सुरू केलं की हात आपोआप सूर्योदय न् उड्डाणपुलाकडं जातो, माझा गेला तसा. वस्तू धरली की ती तुम्हाला कुठं न्यायचं तिथं नेती, आणि ती ठिकाणं सहसा कॅलेंडरमधी नसतात.

मी धरला वीस लिटरचा पाण्याचा जार. आमच्या गावात आरओ प्लांट आहे, कार्ड लावलं की ५ रुपयाला जार भरतो, पोरं सायकलच्या कॅरिअरला बांधून नेतात. संभाजीनगरात मी राहतो तिथं तोच निळा जार घरपोच ३० रुपयाला येतो, तिसऱ्या मजल्यावर खांद्यावर चढवून, आणि चढवणारं पोरगं आमच्याच तालुक्याचं निघालं. लग्नात जार, दहाव्याला जार, सरपंचाच्या सभेत जार, कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीखाली जार. नाथसागराच्या काठच्या एका गावात पण मला जारचंच पाणी मिळालं, समोर धरण. १९७६ पासून पाणी अडवून बसलेलं जायकवाडी, ज्याचं पाणी पन्नासेक किलोमीटर लांब संभाजीनगरला जातं, आणि तिथं पण नळाची वाट बघत लोक टाक्या भरून ठेवतात. आता सांगा ह्यात गाव कोणतं आणि शहर कोणतं.

तुम्हाला जार नको असंल तर बक्कळ आहे. एसटीतून जाणारा जेवणाचा डबा. दुधाचा कॅन. ऊसतोडीचा कोयता, जो दसरा-दिवाळीच्या टायमाला आमच्या बीडकडून ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो (आणि 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ज्याला माहीत नाही त्यानं हा विषय घेऊ नये). सोयाबीनचं पोतं. डीजेचा बॉक्स. फक्त वस्तू एवढी साधी पाहिजे की कुणी तिच्याकडं मुद्दाम बघत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, तवा सगळ्यांनी कॅमेऱ्यात रेल्वे काढली. मी तिथं असतो तर मी पण रेल्वेच काढली असती. पण ते पाणी पुढं कोणच्या बादलीत, कोणच्या ड्रममधी गेलं तिथं व्हिडिओ आर्ट सुरू होतं.

वस्तू ठरली की चार-पाच दिवस कॅमेरा न काढता तिच्या मागं फिरा. वहीत फक्त लिहायचं, किती वाजता कुठं असती, कोण उचलतं, कसा आवाज करती. मला हे आधी येड्यावानी वाटायचं पण त्याच्यामुळंच कळलं की आमच्या प्लांटवर खरी गर्दी पहाटे नसती, लाईट आल्यावर असती, मग ती कधी पण येवो. शेतीच्या लाईटचं तर तुम्हाला माहीतच आहे, आठवडा दिवसाची पाळी न् आठवडा रातची. रातची पाळी असली की माणसं बॅटरी घेऊन पाणी द्यायला शेतात जातात. म्हणजे गाव लवकर झोपतं हे पण खोटं. रात्री दीड वाजता हरभऱ्यात हलणारी एक बॅटरी आणि त्याच वेळेला वाळूज एमआयडीसीच्या रस्त्यावर सेकंड शिफ्ट सुटून परतणाऱ्या मोटरसायकलींचे लाईट, ही जोडी मला वहीतच सापडली, कॅमेऱ्यात नंतर.

वाळूजवरून आठवलं, ठिकाणं शेवटी लागतातच, तर शहराची शहरासारखी दिसणारी जागा घेऊ नका. रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, हे ग्रामपंचायतीच्या हद्दीतच वाढलेलं शहर आहे, खोल्यांच्या चाळी, मेस, मोबाईलची दुकानं, आणि मधीच एखादा गोठा. तसंच समृद्धी महामार्ग. वर चढून शूट करायच्या भानगडीत पडू नका, तिथं गाडी थांबवायची नसती आणि टू-व्हीलरला तर वर सोडतच नाहीत. खाली गावरस्त्याच्या बोगद्यापाशी उभं राहा. एका उभ्या फ्रेममधी वर कंटेनर सुसाट आणि खाली शेरडं चाललीत, दोन स्क्रीनची गरजच नाही. जालन्याकडं असा एक शॉट मी सकाळी सात ते दहा धरून बसलो होतो, तीन तासातला साडेचार मिनिटाचा तुकडा वापरला.

सीझन पण बघून घ्या. जून-जुलैत पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी न् मळणी, मग कापसाची वेचणी. मे महिन्यात तर फोनच साथ देत नाही. आयफोन कंपनी स्वतः सांगती की ३५ डिग्रीच्या वर वापरू नका, आणि आपल्याकडं ४२. फोन गरम झाला की आधी स्क्रीन अंधारती मग रेकॉर्डिंग बंद पडतं. ओला रुमाल फोनच्या मागं लावणं, कव्हर काढणं, आणि अकरा ते चार सावलीत बसणं. फ्रीजमधी ठेवू नका, आत वाफ धरती, मी केलंय.

आता सेटिंग. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा, फोनमधी आपोआप ३० असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाईट न् स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, ३० च्या फ्रेमला ते जुळत नाही आणि दुकानातले, प्लांटमधले शॉट पट्ट्या-पट्ट्यांचे येतात. २५ फ्रेम आणि शटर (एका चित्राला किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्ट्या जातात. दिवसा उन्हात १/५० ठेवलं तर सगळं पांढरं फटक होतं, त्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लागतो, नसंल तर दिवसा शटर खुशाल वाढवा. फोनच्या कॅमेऱ्यात हे सगळं हातानं करता येत नसंल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, पण जुन्या फोनवर चालंलच असं नाही. जागा लागती हे ध्यानात ठेवा, ४के मधी मिनिटाला १७० ते ३५० एमबी जातात. एसटीच्या खिडकीतून संभाजीनगर ते पैठण असा दीड तासाचा सलग शॉट घ्यायचा म्हणलं तर फोन आधी रिकामा करून बसा, नायतर बिडकीनलाच मेमरी फुल.

काळी माती हा मोठा घोळ आहे. फ्रेममधी काळी जमीन जास्त आली की फोनला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि आपली काळीभोर रानं राखेवानी दिसतात, वरचं आभाळ तर पारच जळून जातं. सिमेंटच्या रस्त्यावर, काचेच्या बिल्डिंगपाशी बरोबर उलटं, तिथं फोन सगळं मळकं करतो. म्हणून ऑटोवर सोडू नका, एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक करा आणि काळ्या रानात थोडं खाली ओढा. व्हाइट बॅलन्स (चित्र पिवळसर का निळसर ते ठरवणारं सेटिंग) पण लॉक, आणि दिवसाच्या शॉटला दोन्हीकडं एकच, ५५०० केल्विनच्या आसपास. हे मी मुद्दाम सांगायलोय कारण नंतर एडिटमधी हात शिवशिवतो, गावाला पिवळा सोनेरी रंग मारावा न् शहराला निळा-करडा. करू नका. तो रंग म्हणजे तुमचं मत झालं, आणि बघणाऱ्याला ते पहिल्या दहा सेकंदातच कळतं, मग तो पुढचं कशाला बघंल? दोन्हीकडं रंग एकच ठेवला की जार एकाच निळ्या रंगाचा दिसतो, आणि बघणारा स्वतः शोधायला लागतो की हे कुठलं.

वेगाचं पण तसंच. गाव संथ, शहर फास्ट, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं कुणास ठाऊक. मळणी यंत्रापाशी एकदा उभं राहून बघा, वरून ढग यायलेत, भाड्याचं मशीन पुढच्याला जायचंय, आठ माणसं तोंडाला रुमाल बांधून पळायलीत, भुसा उडायलाय, कुणाला बोलायला टाइम नाही. आणि शहरात अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन बारा तास एकाच खुर्चीत. मी मळणी दोन-दोन सेकंदाचे कट मारून लावली आणि वॉचमनचा अकरा मिनिटाचा एकच शॉट, ज्यात तो दोनदा उठतो, एकदा जार तिरका करून पाणी पितो, बास. तो मूळचा परभणीकडचा. व्हिडिओत कुठं सांगितलं नाही, पण गाण्याचं एक कडवं तो गुणगुणतो त्याच्यावरून तिकडच्या लोकांना बरोबर कळलं.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्ही पण घालवा. फोनच्या माइकवर आमच्याकडचा वारा म्हणजे नुसती फडफड. साधा कॉलर माइक घ्या, त्याला केसाळ टोपी बसवा, नसंल तर जुन्या स्वेटरचा तुकडा रबरानं बांधा. प्रत्येक ठिकाणी कुणी बोलत नसताना, काही होत नसताना दोन मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा, एडिटला जोडकाम करताना त्याच्यावाचून अडतं. आणि कान उघडे ठेवा, गाव शांत बिलकुल नाही. सप्त्याचा लाउडस्पीकर, बोअरची मोटर, ट्रॅक्टरवरची गाणी, टिटवी. माझ्या फ्लॅटमधी मात्र दुपारी एवढी शांतता की फ्रीजचा आवाज येतो.

माझ्या कामात सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट म्हणजे आवाजाची अदलाबदल. रिकाम्या जारवर पोरगं बोटं वाजवत सायकलवर चाललंय, तो आवाज मी त्याचं चित्र संपल्यावर पण चालू ठेवला, आणि समोर जिन्यात जार चढवणारा. आरओ प्लांटची घरघर ऑफिसच्या पँट्रीवर टाकली. कुणाला वेगळं वाटलंच नाही, कारण आवाज खरंच एकच आहे. जिथं फरक होता तिथं मी अदलाबदल केली नाही. घागर विहिरीवर आपटल्याचा आवाज शहरात कुठंच बसत नव्हता, म्हणून तो एकदाच ठेवला, काळ्या स्क्रीनवर.

माणसांचं बोलणं. सरळ सांगतो, दुष्काळात आमच्याकडं एवढे कॅमेरे येऊन गेलेत की लोकांना कंटाळा आलाय. कोरडी विहीर, भेगाळलेली जमीन, म्हातारीच्या सुरकुत्या, हे तीन शॉट ज्यानं काढले नाहीत असा माणूस शोधावा लागंल. ज्या घरात आत्महत्या झालीय तिथं कॅमेरा घेऊन जाऊच नका, तुमचा हेतू कितीही चांगला असू द्या. बाकीच्यांना आधी विचारा, कुठं दाखवणार ते सांगा, काढलेलं तिथंच दाखवा. एक मावशी मला म्हणल्या, "काढ बाबा, पण डोक्यावर हंडा नको, मी आता गाडीवर आणते." मी त्यांना स्कूटीवरच काढलं, पायाशी दोन जार, आणि तोच शॉट पोस्टरवर गेला. एमआयडीसीत कंपनीच्या गेटसमोर ट्रायपॉड लावला की सिक्युरिटी येतीच, परवानगी नसंल तर शिफ्ट सुटताना रस्त्याच्या पलीकडून काढा. ड्रोनचा मोह मला पण होता. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण कुठं उडवायचं ते डिजिटल स्काय ह्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर बघावं लागतं, आणि संभाजीनगरात चिकलठाण्याला विमानतळ आहे हे विसरू नका. एक खरं सांगू का, वरून सगळं सारखंच छान दिसतं, शेत पण न् झोपडपट्टी पण, म्हणून मी वापरला नाही.

एडिटला दाव्हिंची रिझॉल्व्हची फुकटवाली आवृत्ती बास होती. दोन्ही चित्रं एकाच फाइलमधी पाहिजे असतील तर टाइमलाइन ३८४० बाय १०८० ची करा, म्हणजे दोन फुल एचडी शेजारी शेजारी बसतात. पण मला त्यापेक्षा भारी जमलं ते असं: दोन वेगळ्या फाइल, एक ७ मिनिटाची, एक ११ मिनिटाची, दोन वेगळ्या टीव्हीवर, दोन्ही आपापल्या फिरतात. मग जोड्या आपोआप बदलत राहतात आणि सुरुवातीची जोडी परत ७७ मिनिटांनी येती. मी जुळवलेल्या जोड्यांपेक्षा ह्या आपोआप जुळलेल्या चांगल्या निघाल्या, थोडा अपमानच झाला म्हणा. वॉचमनचा अकरा मिनिटाचा शॉट एकटाच एका टीव्हीवर, आणि बाकी सगळं, मळणी, प्लांट, जिना, दुसऱ्या टीव्हीवर सात मिनिटात. म्हणजे कधी तो पाणी पितो तवा समोर मळणी असती, कधी स्कूटीवरच्या मावशी.

टीव्हीवर पेन ड्राइव्हनं लावणार असाल तर एमपी४, एच.२६४ मधी काढा, आणि पेन ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असंल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जात नाही. बरेच टीव्ही व्हिडिओ परत सुरू करताना सेकंदभर काळे होतात, कोपऱ्यात फाइलचं नाव पण दाखवतात. त्याच्यावर उपाय म्हणजे तोच तुकडा टाइमलाइनवर दहा-बारा वेळा जोडून मोठी फाइल काढणं.

दाखवायचं कुठं हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, मी तर म्हणतो तो आधीच ठरवा आणि दोन्हीकडं दाखवा. शहरात एका मित्राच्या बंद पडलेल्या गाळ्यात दाखवलं, दोन टीव्ही एकमेकांच्या समोर तोंड करून, मधी बघणारा. एकाकडं बघायचं तर दुसऱ्याकडं पाठ करावीच लागती. गावात जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर, मुख्याध्यापकांना विचारून, भाड्याचे दोन प्रोजेक्टर, तिथं समोरासमोर भिंत नव्हती म्हणून शेजारी-शेजारी. अंधार पूर्ण पडू द्या, आमच्या शाळेपुढचा हायमास्ट बंद करायला ग्रामपंचायतीच्या माणसाला फोन करावा लागला.

शहरातली माणसं जास्त वेळ मळणीकडं बघत होती. गावातली सगळी वॉचमनकडं, म्हणजे अकरा मिनिटं एक माणूस खुर्चीत बसलाय हे पन्नास-साठ जण मन लावून बघायलेत, पोरं सुद्धा. एक आजोबा म्हणले, "ह्याला पगार किती आसंल?" मग चर्चा पगारावर, मग जारच्या ३० रुपयावर, कुणाचा पोरगा कुठं कामाला, खोलीभाडं किती, व्हिडिओ मागं चालूच. मामा पण होता. ह्या वेळेला कॅलेंडर म्हणला नाही, एवढंच विचारलं की तो पाणी कधी पिणार परत.

तेवढ्यात लाईट गेली. आणि हे शेवटचं, पण सगळ्यात महागात पडलेलं: जुने दिव्याचे प्रोजेक्टर असे अचानक बंद पडले की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि खराब व्हायची भीती असती. माझ्या दोनपैकी एकाचा दिवा तिथंच गेला, भाड्यावर वरून भरपाई. गावात दाखवणार असाल तर एलईडीवाला प्रोजेक्टर घ्या, उजेड कमी असंल तर चित्र लहान करा, आणि चालू करायच्या आधी कुणाच्या तरी घरचा इन्व्हर्टर बोलून ठेवा.